ऑनलाइनचा भाव आणि राजारामपुरीतलं दुकान

एका दुकानदाराच्या मुलाचा प्रश्न असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत वडिलांचं मिक्सर, कुकर, गॅस शेगड्या आणि भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक येतं, माल हाताळून बघतं, मग मोबाईल पुढं धरतं, "दादा, ऑनलाइनला साडेतीनशे कमी दाखवतंय की!" आणि निघून जातं. काही मॉडेलं तर वितरक आपल्याला देतो त्याहूनही कमी दरात तिथं मिळतात. अशा वेळी आपणही ऑनलाइन विकायला लागावं, की गाळा भाड्यानं देऊन नोकरी बघावी?

आधी थेट उत्तर देतो. खोकाबंद ब्रँडेड मालावर ऑनलाइनशी भावात झुंजू नका. तोच माल ऑनलाइन विकायलाही जाऊ नका. आणि पुढची दिवाळी होईपर्यंत दुकान बंद करायचा निर्णय घेऊ नका. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोडवरच्या दुकानदारांचे हिशोब आणि कर बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. पुढं जे लिहितो ते त्यांच्या वह्यांत दिसलेलं आहे.

तो कमी भाव येतो कुठून, हे आधी समजून घ्या. वडिलांना वाटत असेल, कंपनीनं आपल्याला वाऱ्यावर सोडलं. ते निम्मं खरं आहे. थेट कंपनीकडून ट्रकच्या ट्रक उचलणाऱ्याला मिळणारी सूट आणि तुमच्या वितरकाला मिळणारी सूट यांत फरक असतोच. याच कारणावरून २०२१ च्या अखेरीला देशातल्या ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या संघटनेनं, घाऊक ऑनलाइन कंपन्यांना देता तोच दर आम्हाला द्या म्हणून कंपन्यांविरुद्ध असहकार पुकारला होता, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली होती. शिवाय बँकेच्या कार्डावरची सूट असते. ती बँक, ब्रँड आणि ऑनलाइन कंपनी आपापसांत वाटून घेतात, त्यात तुम्हाला शिरकावच नाही. मॉडेलही नीट बघा. नाव तेच, पण नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं, जार तीनच्या जागी दोन, वॉरंटीत फरक, असं पुष्कळदा निघतं. भाव दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवून शांतपणे फरक दाखवा. वाद घालू नका.

पण आणखी एक कारण आहे आणि ते बाजारात कोणी मोठ्यानं बोलत नाही. महिन्याचे शेवटचे चार दिवस. वितरकाच्या डोक्यावर टार्गेट असतं, स्लॅब म्हणजे खरेदीचा ठरलेला टप्पा पूर्ण झाला तर कंपनीकडून नंतर क्रेडिट नोट, म्हणजे हिशोबात वळती होणारी सूट, मिळते. माल उठत नसला की तो जवळजवळ खरेदीच्या दरात, कधी त्याच्याही खाली, एखाद्या मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याला सोडून देतो आणि आपली कमाई क्रेडिट नोटेत काढतो. म्हणजे तुमचा भाव पाडणारा मिक्सर कधी कधी तुमच्याच जिल्ह्यातल्या गोदामातून निघालेला असतो. संशय आला तर ओळखीच्या गिऱ्हाइकाकडच्या ऑनलाइन घेतलेल्या खोक्यावरचा सिरियल नंबर टिपून कंपनीच्या एरिया मॅनेजरला लेखी कळवा. तो माल कोणाच्या नावावर निघाला होता, हे बऱ्याच कंपन्यांना त्या नंबरावरून कळतं. एकट्यानं कळवलं तर दुर्लक्ष होतं. पाच-सहा दुकानदारांनी एकाच कागदावर सह्या केल्या तर फोन येतो.

सरकार यात काही करत नाही का, असंही लोक विचारतात. नियम आहेत. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपनीनं फक्त बाजारपेठ चालवायची, स्वतःचा माल विकायचा नाही, असं धोरण आहे. २६ डिसेंबर २०१८ ला निघालेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या प्रेस नोटनं ते आणखी आवळलं: ज्या विक्रेत्यात त्या कंपनीची भागीदारी आहे त्यानं तिथं विकायचं नाही, विक्रेत्याची २५ टक्क्यांहून जास्त खरेदी त्याच ऑनलाइन कंपनीच्या गटातून नसावी, कोणाला 'फक्त आमच्याकडंच विका' अशी सक्ती करायची नाही. पण हे परदेशी पैशापुरतं. देशी भांडवलाच्या मोठ्या साखळ्यांना ही बंधनं लागू नाहीत, त्या स्वतःचा साठा ठेवून बिनधास्त विकू शकतात. स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. मग कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली. तोट्यात विकून दुसऱ्याला संपवणं हा स्पर्धा कायद्यात गुन्हा ठरायला आधी ती कंपनी बाजारात वर्चस्व असलेली आहे, हे सिद्ध व्हावं लागतं. हा लढा लढणाऱ्या संघटनांना वर्गणी जरूर द्या. तुमच्या दुकानाचा निर्णय मात्र त्या निकालावर टांगून ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइन कंपनी तुमच्याकडून काय घेते, याचं उत्तर बहुतेक दुकानदार 'विक्री' असं देतात. मला ते अपुरं वाटतं. ती गिऱ्हाइकाची ओळख घेते. कोण काय घेतं, केव्हा घेतं, कोणत्या भावाला थबकतं, पुन्हा कधी येतं, ही सगळी माहिती तिच्याकडं जमा होते आणि विक्रेत्याकडं उरतो फक्त एक पार्सलचा पत्ता. अमेरिकेत बॉर्डर्स ही पुस्तकांच्या दुकानांची अवाढव्य साखळी होती. २००१ मध्ये तिनं आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनच्या हाती दिली, कारण तेव्हा ते काम किरकोळ आणि खर्चाचं वाटलं. स्वतःची वेबसाइट परत सुरू करायला २००८ उजाडलं. २०११ मध्ये दिवाळं. खेळण्यांच्या टॉइज आर अस या कंपनीनं २००० मध्ये ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला, २००४ मध्ये कोर्टात गेली, २००६ मध्ये करार मोडला, २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, तेही मोठं कारण होतंच. पण जी वर्षं गिऱ्हाइकाला ऑनलाइनची सवय लागायची होती, त्याच वर्षांत या दोन्ही कंपन्यांची गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दारातून आत जात होती. युरोपीय आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनकडून जे बंधन लिहून घेतलं, त्यातलं पहिलं हेच होतं: तिथं विकणाऱ्या स्वतंत्र विक्रेत्यांची गोपनीय माहिती वापरून त्यांच्याच विरोधात धंदा करायचा नाही.

मग तुमच्या गिऱ्हाइकाची ओळख कोणाकडं आहे? आज ती वडिलांच्या डोक्यात आहे. वहीत नाही, ही अडचण आहे.

कोल्हापुरात धंदा करणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: इथला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. कायद्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते, प्रत्यक्षात काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. राधानगरी, कागल, पन्हाळ्याकडून लग्नाचा संसारसेट घ्यायला येणारं कुटुंब निम्मे पैसे रोख देतं आणि निम्मे 'उसाचं बिल आलं की' म्हणतं. ऑनलाइनचे हप्ते कार्डावर बेतलेले असतात, पगारदाराच्या महिन्यावर बेतलेले असतात. दुधाच्या बिलावर दर दहा दिवसांनी पाचशे रुपये घेणारा हप्ता कोणतंही ॲप देत नाही. तो वडील देतात, कारण कोणत्या गावातलं कोणतं घर शब्दाला पक्कं आहे हे त्यांना ठाऊक आहे. ही माहिती तुमच्या दुकानातल्या सगळ्या मालापेक्षा किमती आहे, आणि वडील दुकानात बसायचे थांबले की ती त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून पहिलं काम, या महिन्यातच: वडिलांशेजारी बसा आणि गिऱ्हाइकं लिहून काढा. नाव, गाव, मोबाईल, काय घेतलं, कोणतं मॉडेल, कधी, उधारी कशी फेडली. एक्सेलमध्ये लिहा नाही तर जाड वहीत, पण लिहा. इथून पुढं प्रत्येक बिलावर मोबाईल नंबर घ्या आणि संदेश पाठवू का, असं विचारून घ्या. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याची संमतीची कलमं लागू झाली की हे विचारणं शिष्टाचारापुरतं राहत नाही. मग ज्याच्या मिक्सरला तीन वर्षं झाली त्याला 'जार, बुश, कपलर तपासून घ्या' असा निरोप जाऊ द्या. ज्यांच्याकडं यंदा कार्य आहे त्यांना संसारसेटचे फोटो जाऊ द्या. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, तेवढा पुरतो. वेबसाइट करून देतो म्हणणाऱ्याला सध्या पैसे देऊ नका.

दुसरं, दुकानातली जागा नव्यानं वाटा. मिक्सरच्या खोक्यावर टक्क्यानं जे सुटतं त्याच्या कितीतरी पट जास्त सुट्या भागांवर आणि दुरुस्तीवर सुटतं. जार, ब्लेड, कपलर, कार्बन ब्रश, कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, शेगडीचा बर्नर आणि नॉब. हा माल स्वस्त आहे, लहान आहे, आणि ज्याला तो आज लागतो त्याला आजच लागतो. घरात कुकरची रिंग गेली तर कोणी परवाच्या पार्सलची वाट बघत नाही. त्यात ऑनलाइन मागवलेली रिंग बसत नाही, कारण कुकर पाच लिटरचा की साडेपाचचा, झाकण आतलं की बाहेरचं, हे माणसाला माहीत नसतं, तो कुकरचं झाकणच पिशवीत घालून तुमच्याकडं येतो. माझ्याकडं हिशोब असलेल्या अशा दुकानांत ज्यांनी दुरुस्तीचं टेबल ठेवलं ती टिकली आहेत, आणि ज्यांनी ते 'कटकट' म्हणून काढून शोरूम केलं त्यांच्यातली बरीच अडचणीत आहेत. तेव्हा दर्शनी काचेतली खोकी कमी करा, चालती मॉडेलं तेवढीच ठेवा, आणि एक चांगला मेकॅनिक पगारावर धरा. ऑनलाइन घेतलेला मिक्सर दुरुस्तीला आला तर तोंड वाकडं करू नका. तो तुमच्या दारात आलेला नवा माणूस आहे, त्याचं नाव वहीत जाऊ दे.

कुकरचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, हे गिऱ्हाइकांना सांगण्यासारखं आहे. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपयांच्या दंडाचा आदेश दिला होता. ॲमेझॉनवरून गेलेल्या अशा कुकरांची संख्या २,२६५ होती, फ्लिपकार्टवरून ५९८. कुकर फुटला तर काय होतं हे स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. चिन्ह दाखवून, झाकण उघडून, व्हॉल्व्ह समजावून विकलेला कुकर हा तुमचा खरा माल. अर्थात तुमच्याही फळीवर चिन्ह नसलेला एकही कुकर असता कामा नये.

आता 'आपणच ऑनलाइन विकू' याचा हिशोब मांडतो. कंपन्यांचे दर वरचेवर बदलतात, वस्तूनुसार आणि किमतीनुसार वेगळे असतात, काही ठिकाणी स्वस्त मालावर कमिशन शून्यही असतं. म्हणून पुढचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. मिक्सर १,५०० रुपयांना विकला. त्यात १८ टक्के जीएसटी धरून कर निघतो २२९ रुपये, उरतात १,२७१. तुमची करासोडून खरेदी १,०५० धरू. दुकानात विकला तर २२१ रुपये सुटले. तोच ऑनलाइन गेला: कमिशन १० टक्के म्हणजे १५०, ठरावीक शुल्क ४०, पाठवणी ९०, एकूण २८०. हाती उरले ९९१, म्हणजे ५९ रुपये तोटा. खोकं, बबल रॅप, टेप, पॅक करणारा मुलगा आणि जाहिरात अजून धरलीच नाही. त्या २८० वर आणखी १८ टक्के कर लागतो. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर त्याची वजावट मिळते, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या उलाढालीवर सरसकट कर भरायच्या योजनेत, असाल तर तो अंगावर पडतो. शिवाय परतावा. चार दिवस वापरून, जारला तडा घालून परत आलेला मिक्सर नवा म्हणून विकता येत नाही, आणि नुकसानीचा दावा ठरलेल्या मुदतीत पुराव्यानिशी केला नाही तर तोही जातो. म्हणून जे विकतात ते पॅक करतानाचा आणि परत आलेलं खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवतात.

कराची बाजू पूर्वीइतकी जाचक राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला राज्याच्या आत ऑनलाइन माल विकायला पूर्ण जीएसटी नोंदणीची गरज नाही, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशनवाल्यालाही राज्यांतर्गत परवानगी मिळाली. ऑनलाइन कंपनी जीएसटीपोटी जी रक्कम कापून ठेवते ती १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आली, आयकराची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून १ वरून ०.१ टक्क्यावर. हे पैसे पुढं वळते होतात, पण जुळवणी दर महिन्याला करा. वर्षाअखेर बसलात तर विक्रीचे आकडे, परताव्याचे आकडे आणि बँकेतली जमा यांचा मेळ लागता लागत नाही.

ऑनलाइन विक्री कोणाला परवडते मग? ज्याच्या मालाला दुसरा पर्याय नाही त्याला. कांदा-लसूण मसाला घरी कुटून विकणाऱ्या आपल्या बायकांना पुण्या-मुंबईतली कोल्हापुरी घरं आयतं गिऱ्हाईक आहेत. गुळाला २०१४ पासून आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, चपलेचं तर महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण तिथंही दुखणं तेच. ॲपवर 'कोल्हापुरी' टाईप केलं की मशीनवर बनलेल्या, कातड्याचा लवलेश नसलेल्या चपला हाताच्या शिलाईच्या जोडाशेजारी मांडल्या जातात, आणि वर कोण दिसणार हे जाहिरातीला किती पैसे मोजले त्यावर ठरतं. कारागिरानं महिनाभर जोड पाठवले तरी ते कोणाच्या पायात गेले हे त्याला कळत नाही. खोक्यात स्वतःचा नंबर असलेला कागद टाकायलाही अनेक ठिकाणी मनाई असते. या लोकांना मी सांगतो की मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करा, त्याशिवाय नकली मालावर तुम्हाला स्वतःला कायद्यानं बोट ठेवता येत नाही. ॲपचा उपयोग नवीन माणसाला नाव कळण्यापुरता करा. आणि अंबाबाईच्या दर्शनाला येऊन महाद्वार रोडवर जोड घेणाऱ्या प्रत्येकाचा नंबर आणि पायाचं माप लिहून ठेवा. पुढचा जोड तो फोनवरून मागवेल. सरकारच्या पुढाकारानं उभं राहिलेलं ओएनडीसीचं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं हा एक मार्ग आहे, पण त्यावर गिऱ्हाईक अजून विरळ आहे. नाव घालून ठेवायला हरकत नाही, त्यावर भिस्त नको.

खरेदीच्या बाबतीत मला राहून राहून वाईट वाटतं. या जिल्ह्यानं सहकारात काय काय उभं केलं. १९६३ मध्ये दूध उत्पादकांनी संघ काढला आणि एक-दोन म्हशींवाल्या माणसाला मुंबईच्या बाजारात दर मिळवून दिला. वारणानगरला ग्राहकांचा बाजार उभा राहिला. शेतकऱ्यांचा संघ त्याआधीपासून आहे. आणि राजारामपुरीतले दहा भांडीवाले एकत्र येऊन कंपनीकडं एक ऑर्डर टाकत नाहीत, कारण कोणाचा खरेदीभाव काय हे शेजाऱ्याला कळेल! हे भय सोडावं लागेल. सुरुवात ब्रँडेड मालापासून नको, स्टीलच्या भांड्यांपासून करा. तिथं वितरकाचा रोष नाही आणि वजनावर दर मिळतो. तिघं जमले तरी पुरे. रोख भरणा, गाडीभाडं वाटून, आणि कोण किती उचलणार हे आधी लिहून.

राहिला नोकरीचा प्रश्न. गाळा स्वतःचा असला की दुकानदार भाडं धरत नाही, घरच्या माणसांचा पगार धरत नाही, आणि वर्षाअखेर 'चार पैसे सुटले' म्हणतो. राजारामपुरीत आज तुमच्या गाळ्याला जे भाडं येईल ते खर्चात लिहा. तुमचा आणि वडिलांचा बाहेर मिळेल तो पगार लिहा. दुकानात अडकलेल्या भांडवलावर बँकेचं व्याज लिहा. उधारीतले दोन वर्षांवरचे पैसे बुडीत धरा. एवढं करून जी रक्कम उरेल ती तुमची खरी कमाई. कित्येक दुकानांत ती शून्याच्या खाली निघते आणि त्यांना मी बंद करा असंच सांगितलं आहे. बाप-जाद्याचं दुकान म्हणून तरुण मुलाची वर्षं त्यात घालवणं मला मान्य नाही. पण तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमचं दुकान तिथं पोचलेलं वाटत नाही, कारण गिऱ्हाईक अजून आत येतं, माल हातात घेतं.

म्हणून दिवाळीपर्यंतची मुदत. या अवधीत यादी करा, दुरुस्तीचं टेबल लावा, खोक्यांत गुंतलेले निम्मे पैसे मोकळे करा, आणि सुट्या भागांची व दुरुस्तीची विक्री वेगळ्या रकान्यात लिहा. दिवाळीच्या पाडव्याला दोन आकडे बघा: जुनं गिऱ्हाईक परत किती आलं, आणि दुरुस्तीच्या टेबलानं मेकॅनिकचा पगार काढला का. दोन्ही होकारार्थी असतील तर नोकरीचा विचार सोडा. दुसरा आकडा नकारार्थी आला तर गाळा अर्धा करा, पुढचा भाग भाड्यानं द्या आणि मागच्या भागात दुरुस्ती आणि लग्नाच्या ऑर्डरी ठेवा. वडिलांना ते जमेल आणि तुम्ही नोकरी बघू शकाल. पहिलाच आकडा नकारार्थी असेल तर मात्र आधी वडिलांशी बोला, उधारी वसूल करा, आणि नवा माल भरू नका.